आमच्या गल्लीत व्यंजना शिरली हो!

दार लावून घ्या आधी. आणि हो, कडी हळू. शेजारच्या काकूंच्या कानावर आवाज गेला तर गॅलरीतून म्हणतील, "कडी वाजली म्हणजे पुढं काहीतरी घडणार. पूर्वसूचन!" मग रात्री दहापर्यंत सुटका नाही.

हसू नका. बारामतीत, निदान आमच्या गल्लीत, सध्या हे असं चाललंय. डेंग्यू परवडला, त्याला धूर तरी मारता येतो. इथं बायका भिशीत बसून निवेदकाचा दृष्टिकोन काढतायत, टपरीवर माणसं एकमेकांच्या बोलण्यातली लक्षणा पकडतायत. काल आमच्या दूधवाल्याला मी म्हटलं, "अर्धं पाणीच घातलंय जणू." एरवी तो देवाची शपथ घेतो. काल किटलीचं झाकण लावत शांतपणे म्हणाला, "वैनी, ही अतिशयोक्ती झाली." म्हणजे पाणी आहे, फक्त अर्धं नाही!

पाप माझ्याच घरातलं, हे कबूल करून टाकते. धाकट्या दिरांची लेक बारावीला आहे. सायन्स. पहाटे क्लास, दुपारी कॉलेज, संध्याकाळी पुन्हा क्लास. मराठीचं काय? मराठी आपोआप येतं, असं घरातल्या थोरामोठ्यांचं मत. चाचणीत साहित्यप्रकाराच्या विभागात दहापैकी तीन पडले तेव्हा मत जरा हललं. बारावीच्या युवकभारतीत 'कथा' हा साहित्यप्रकारच लावलाय. आधी कथा म्हणजे काय त्याची ओळख, मग व. पु. काळ्यांची 'शोध' आणि प्रतिमा इंगोले यांची 'गढी'. पोरीनं ओळख तोंडपाठ केली होती. कथाबीज, कथानक, पात्रचित्रण, वातावरण, संघर्ष, संवाद, शीर्षक... ट्रॅक्टरचे सुटे भाग पाठ केल्यासारखं धडाधड म्हणून दाखवलं. मी विचारलं, "बरं, मग 'शोध'मधे एका रुपयाच्या नोटेमागं एवढी धावाधाव का, ते सांग." पोरगी माझ्या तोंडाकडं बघायला लागली. ट्रॅक्टर कधी सुरूच केला नव्हता.

मी म्हटलं, जेवण झालं की गच्चीवर ये. रोज एक संज्ञा, एक गोष्ट. आधी गोष्ट ऐकायची, मग तिच्यातली संज्ञा हुडकायची. बास. एवढंच म्हटलं मी. पुढचं सगळं रामायण त्यातून झालं. रामायणावरून आठवलं, पण ते नंतर.

पहिल्या दोन रात्री आम्ही दोघीच होतो. तिसऱ्या रात्री द. मा. मिरासदार काढले आणि तिथंच माशी शिंकली. मिरासदार म्हणजे आपले शेजारीच की हो. 1927 सालचा जन्म, अकलूजचा. इंदापूर तालुका सराटीला संपतो, नीरा ओलांडली की पलीकडं अकलूज. तुकोबांची पालखी जाते तीच वाट. त्यांचे नाना चेंगट, बाबू पैलवान, गणामास्तर ही मंडळी तर आमच्याकडं कुठल्याही पारावर अजून बसलेली असतात, फक्त आता हातात मोबाइल असतो. तर अतिशयोक्ती शिकवायची म्हणून मी 'नव्व्याण्णवबादची एक सफर' वाचायला घेतली. दुसऱ्या पानावर शेजारच्या गच्चीवरचं खोकणं थांबलं. तिसऱ्या पानावर काकूंनी खुर्ची ओढली. पाचव्या पानावर काका हसले, आणि काका हसले ही बातमी गल्लीत सकाळी दुधाच्या आधी पोचली. सहा वर्षांपूर्वी मुलाच्या लग्नात हसले होते म्हणतात, तेही फोटोवाल्यानं सांगितलं म्हणून.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर अकरा माणसं. मी मोजली.

आता ऐका, थाप मारणाऱ्याचा चेहरा सरळ राहिला तरच थाप चालते, हे मिरासदारांचं सगळ्यात मोठं कसब. मी ते पुतणीला समजावत होते. तिनं विचारलं, "म्हणजे सांगणाराच भरवशाचा नाही? अविश्वसनीय निवेदक?" मी "हो" म्हणायच्या आत पलीकडून भाऊजी ओरडले, "आमचा मुकादम!" भाऊजींचा दोन एकर ऊस तोडीवाचून उभा होता. मुकादमानं आठवड्यात तीनदा सांगितलं होतं, टोळी आली, उद्या कोयता लावतो. तेवढ्यावरून त्या रात्री मुकादमाचं जे साहित्यिक मूल्यमापन झालं ते माडगूळकरांचंही झालं नसेल. पहिल्या 'उद्या'त आशा, दुसऱ्यात संघर्ष, तिसऱ्यात उत्कर्षबिंदू. शेवट काय, ते कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत कळायचं नाही.

मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर हे तिघं मिळून गावोगाव कथाकथन करत हिंडले, तेव्हा माणसं सतरंजीवर दाटीवाटीनं बसून ऐकायची. त्या काळी कोणी घरी जाऊन 'वातावरणनिर्मिती उत्तम' असं बायकोला सांगितलं असेल का? हसून हसून पोट दुखलं म्हणाला असेल. आता पोट दुखलं तरी आमच्या गल्लीत विचारतात, अभिधेत दुखतंय की लक्षणेत?

तुम्हाला शाळेतलं आठवत नसेल म्हणून सांगते. शब्दाचा सरळ अर्थ ती अभिधा. सरळ अर्थ बसत नाही म्हणून त्याच्या शेजारचा अर्थ घ्यायचा, ती लक्षणा. घरावरून हत्ती गेला असं म्हणतात तेव्हा तो कौलांवरून जात नाही ना, तसं. आणि सरळ अर्थ जागच्या जागी बसलेला असताना आतून दुसराच हळूच बाहेर पडतो, ती व्यंजना. आता मला सांगा, बारामतीत जन्मलेल्या माणसाला व्यंजना शिकवायची म्हणजे भिगवणच्या कोळ्याला चिलापी ओळखायला शिकवण्यातलाच प्रकार. आमच्याकडं अभिधेत बोलतं कोण? "बघू" म्हणजे नाही. "करू की" म्हणजे अजून चार हेलपाटे मारा. "या एकदा निवांत" म्हणजे आज उठा. आणि कोणी भरसभेत कोणाचं तोंडभर कौतुक केलं की अख्खा मांडव गप होतो, कारण आता ह्याचं तिकीट कापलं हे शेंबड्या पोराला कळतं. शास्त्रात ह्याला व्याजस्तुती म्हणतात. आम्ही नुसतं राजकारण म्हणतो. इतकी वर्षं सगळं सुरळीत चाललं होतं, कारण कोणाला नावं ठाऊक नव्हती. आता नावं कळली आणि लाज गेली. परवा भाऊजी एका पुढाऱ्याकडं रस्त्याचं काम घेऊन गेले. पुढारी म्हणाले, "बघू." भाऊजी म्हणाले, "साहेब, अभिधेत सांगा." चहासुद्धा मिळाला नाही.

भिशीचं तर बोलूच नका. आमची बाराजणींची भिशी, महिन्याला पाचशे. चिठ्ठी निघायची, साबुदाण्याचे वडे व्हायचे, सुनांचा पंचनामा व्हायचा, सहाला सगळ्या घरी. सोज्वळ कार्यक्रम. या महिन्यात एका काकूंनी नेहमीप्रमाणे सुरुवात केली. सून सकाळी आठला उठते, आली की थेट मोबाइल, आणि आमटीला फोडणी वरून देते. कोपऱ्यातून एक म्हणाली, "थांबा. हे सगळं प्रथमपुरुषी निवेदन आहे. जरा सुनेच्या दृष्टिकोनातून सांगा." मी मनात म्हटलं, मेलो! पण काकूही हट्टाच्या. पदर खोचला आणि सुरू झाल्या. मी सून आहे. मी एमआयडीसीत रात्रपाळी करते. मी पहाटे दोनला घरी येते तेव्हा ओट्यावर माझं ताट झाकलेलं असतं, आमटी गार, आणि... इथं काकू थांबल्या. वडा हातातच राहिला. मग म्हणाल्या, "बाई बाई, ह्या गोष्टीत सासूच खलनायिका निघती की!" आणि चिठ्ठी न काढताच उठून गेल्या. भिशीच्या इतिहासात पैसे न घेता कोणी उठून गेल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं. आता त्या घरात पहाटे दोनला आमटी गरम होते असं कळतं. शोभतं का हे? चांगल्या चाललेल्या घरात अशानं समजूतदारपणा शिरतो, आणि मग आम्ही बोलायचं कशावर?

तरी तोपर्यंत आटोक्यात होतं. मग मी जी. ए. कुलकर्णी काढले, आणि प्रकरण हाताबाहेर गेलं. चूक माझी. जी. एं.ना गच्चीवर, थंडीत, शाल पांघरून वाचू नये. 'काजळमाया'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तो ह्या गृहस्थांनी परत केला. असल्या माणसाची गोष्ट ऐकून बायका सुखासमाधानानं झोपतील का? मी 'स्वामी' वाचली. वाटसरू मठात येतो, आदरसत्कार होतो, त्याला स्वामी करतात, आणि स्वामी करणं म्हणजे कायमचं कोंडणं हे त्याला कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. त्या अंधारात एक वेल उजेडाकडं वर वर चढत राहते. वाचून झाल्यावर गच्चीवर चिडीचूप. प्रतीक म्हणजे काय हे मला समजावायचीही गरज पडली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचे काका पांढऱ्याफटक चेहऱ्यानं आमच्याकडं आले. काकू स्वयंपाकघरात उभ्या होत्या म्हणे. खिडकीतला मनीप्लांट ग्रिलमधून बाहेर गेला होता. त्याच्याकडं बोट दाखवून काकू एकच शब्द म्हणाल्या, "स्वामी." आणि मग काकांकडं बघितलं. चाळीस वर्षांचा संसार, हो! काका मला विचारत होते, "ही बरी आहे ना? डॉक्टरला दाखवू का?" मी म्हटलं, "डॉक्टर नको. आठवडाभर बाहेर जेवायला न्या." गेले. भिगवणला मासे खाऊन आले. येताना काकूंनी उजनीच्या काठावरचे रोहित पक्षी बघितले, आणि आल्या आल्या मला सांगितलं, ह्याला अग्निपंख म्हणतात ना, मग नावातच रूपक आहे, पक्षी बघायची गरजच नाही. पेट्रोल वाया गेलं म्हणून काका अजून हळहळतात.

उजनीचा विषय निघालाच आहे तर आमच्या पोरीचा पराक्रम ऐका. वहीत प्रश्न होता, कथेत फ्लॅशबॅक कशासाठी वापरतात, उदाहरणासह लिहा. हिनं लिहिलं, उजनीचं पाणी उन्हाळ्यात उतरलं की इंदापूर तालुक्यातलं पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं. पावसाळ्यात पुन्हा बुडतं. ते देऊळ कायम तिथंच असतं, पाणी उतरेपर्यंत आपल्याला दिसत नाही. कथेत मागची गोष्ट अशी असते. धरण आलं आणि गावं उठली हे न सांगता आत्ताचं पाणी कळत नाही, म्हणून लेखक मधेच पाणी उतरवतो. वाचून माझ्या अंगावर काटा आला. सरांनी बरोबरची खूण केली आणि शेजारी लाल शाईत लिहिलं, "पाठ्यपुस्तकातील उदाहरण द्यावे." पुतणीनं त्या शेऱ्याखाली पेन्सिलीनं बारीक लिहून ठेवलंय: उपरोध.

आता तुम्ही म्हणाल, हे खूळ बारामतीतच का? दौंडात का नाही, फलटणला का नाही? त्याला कारण आहे, आणि ते कऱ्हेच्या काठावर आहे. मघाशी रामायणाचं राहिलं होतं ना, ते हे. 1729 साली पन्हाळ्याला जन्मलेले एक मोरोपंत पराडकर बाबूजी नाइकांच्या आश्रयानं बारामतीत आले, राहिले, आणि 1794 साली इथंच गेले. पुराण सांगता सांगता माणसानं अख्खं महाभारत आर्येत घातलं. तीस-तीस मात्रांचे दोन अर्ध, मोजून. एवढ्यावर थांबावं की नाही? नाही. एकशे आठ रामायणं त्यांच्या नावावर आहेत. एकशे आठ! गोष्ट एकच, सगळ्यांना ठाऊक असलेली, आणि दर वेळी नवी अट. त्यातलं एक निरोष्ठ रामायण. निरोष्ठ म्हणजे ओठाला ओठ लागायचा नाही. प नाही, फ नाही, ब नाही, भ नाही, म नाही.

म्हणून बघा बरं आता तुम्ही. राम म्हणा. लागला ना ओठ? रामाच्या गोष्टीत 'राम' म्हणायची बंदी! जानकीनाथ म्हणता येईल, दशरथ चालेल. बारामती म्हणता येणार नाही, मोरोपंत म्हणता येणार नाही आणि ज्यांचं मीठ खाल्लं त्या बाबूजींचंही नाव घेता येणार नाही. नाइकांच्या वाड्यात तेव्हाही कोणीतरी बायकामाणूस दुसरीला म्हणाली असेलच, "पंतांना झालंय तरी काय? सरळ रामाचं नाव घ्यायला काय होतं?" त्यांची 'केकावली' घ्या. केका म्हणजे मोराचं ओरडणं. मयूर म्हणजे मोर, मयूर म्हणजे मोरोपंतही. देवाला आळवायला बसलेला माणूस शीर्षकात स्वतःच्या नावावर श्लेष करून ठेवतो! आणि त्यांच्याही आधी, 1718 साली, श्रीधरस्वामींनी शिवलीलामृत ह्याच गावात लिहिलं. त्यात त्यांनी बारामतीला सरळ बारामती म्हटलंच नाही, द्वादशमती म्हटलं. बारा म्हणजे द्वादश. कऱ्हेला ब्रह्मकमंडलू. घराघरात ज्याचा अकरावा अध्याय वाचतात त्या ग्रंथात गावाच्या नावाचा असा खेळ केलेला. तेव्हा दूधवाल्याला काय बोलायचं? पाण्यातच आहे. दोन्ही अर्थांनी.

आणि पुण्या-मुंबईच्या शहाण्यांनी नाक मुरडू नये. तंत्राचं वेड त्यांनाही लागलं होतं. ना. सी. फडक्यांनी 'प्रतिभासाधन' लिहिलं आणि कथा कशी सुरू करावी, गुंता कसा वाढवावा, शेवट कुठं आणावा ह्याचे धडे घालून दिले. मग काय, ओ. हेन्रीसारखा शेवटी धक्का द्यायची चढाओढच लागली. तेवढ्यात गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, माडगूळकर ही नवकथेची मंडळी आली आणि त्यांनी धक्काच काढून टाकला. गाडगीळांच्या एका कथेचं नाव काय तर 'बिनचेहऱ्याची संध्याकाळ'. भाऊजींना ते इतकं आवडलं की लाइट गेली की म्हणतात. मी ऐकते आणि मेणबत्ती शोधते.

भाऊजींचंच अजून एक, कारण ते मला खरंच पटलं आणि हे मी त्यांना सांगणार नाही. मुकादमाच्या 'उद्या'ची वाट बघता बघता उसाला तुरा आला. पुण्याहून पाहुणे आले होते. गाडी बांधावर थांबवून खाली उतरले, पांढऱ्या तुऱ्यांवर संध्याकाळचं ऊन, सगळा फड चांदीसारखा हलतोय. "अहाहा, काय दृश्य आहे!" म्हणून फोटो काढले, भाऊजींनाच मधे उभं केलं. आणि भाऊजींच्या पोटात गोळा. तुरा आला म्हणजे वाढ थांबली, कांडं पोकळ पडायला लागणार, वजन घटणार. रात्री गच्चीवर पुतणी दृष्टिकोन समजावून घेत होती, मी गोखल्यांची एक कथा काढत होते. भाऊजींनी मोबाइल पुढं केला. फोटोत मागं चांदीचा फड, पुढं भाऊजी कसेबसे हसतायत. "हे घे," म्हणाले, "पाहुण्याला प्रतिमा, मला तोटा. लिही वहीत." गोखले मी मिटून ठेवले.

असं सगळं वाजतगाजत चाललं होतं. लग्नात नवरीनं उखाणा घेतला तर मागच्या रांगेतून शेरा यायचा, यमक बरं पण कथाबीज नाही. बारावीला लावलेले चार अलंकार, अनन्वय, अपन्हुती, अतिशयोक्ती आणि अर्थान्तरन्यास, गल्लीत भाडेकरू असल्यासारखे हिंडायला लागले. बारामती ती बारामतीच, हा आमचा अनन्वय. हा ऊस नव्हे, सोसायटीचा हप्ताच उभा आहे, ही भाऊजींची अपन्हुती. मला वाटायला लागलं होतं, आपण मोठं काहीतरी काम केलं.

मग माडगूळकरांचा 'धर्मा रामोशी' वाचायला घेतला. 'माणदेशी माणसं'तला. त्या रात्री सासूबाई पहिल्यांदा गच्चीवर आल्या. गुडघे दुखतात म्हणून त्या जिना चढत नाहीत, पण एवढी माणसं रोज कशाला जमतात ते बघायला आल्या. भिंतीला टेकून चंची उघडून बसल्या. तुम्ही वाचला असेल तो धर्मा. म्हातारा, कंगाल, अंगावर चिंध्या. त्याला घरातून एक धोतर देतात. तरी तो तशाच चिंध्यांत फिरतो म्हणून लेखकाला राग येतो. मग खोपटाशी गेल्यावर दिसतं, ते धोतर त्याच्या वयात आलेल्या लेकीनं लुगड्यासारखं गुंडाळलंय. नेसायला दुसरं काही नाही म्हणून.

मी वाचून थांबले. पुतणीनं पेन उचललं. आता ती तरबेज झाली होती. "काकू, धोतर हे प्रतीक. दारिद्र्याचं. आणि बापाच्या मायेचंही. एकाच वस्तूचे दोन अर्थ." शेजारच्या काकूंनी मान डोलावली. कोणीतरी 'वा' म्हणालं.

सासूबाई पानाला चुना लावत होत्या. हात थांबला. "प्रतीक कसलं गं," म्हणाल्या, "ते धोतर हाय."

कोणी काही बोललं नाही. त्याच पुढं म्हणाल्या, "बाहत्तरच्या दुष्काळात आम्ही खडी फोडायला जायचो. जिरायतातली सगळी. मिलो खायचो, सुकडी खायचो. माझी थोरली जाऊ आन् मी, एकच धड लुगडं. एक दिवस ती कामाला, एक दिवस मी. जी घरी राहील ती दार लावून बसायची." मग पान तोंडात घातलं. थोड्या वेळानं म्हणाल्या, "काटेवाडीला तुकोबाच्या पालखीला धोतराच्या पायघड्या घालत्यात. परीट घालत्यात. त्या साली मी बघत हुते, देव चालला त्येवढ्या धोतरात किती जणी झाकल्या असत्या." आणि दोन्ही हात लगेच कानाला लावले. "देवा, चुकलं माझं."

मी तुम्हाला खमंग सांगायला बसले होते, आणि हे कुठं आलं मधेच. पण झालं ते असं झालं. पुतणी बराच वेळ वहीकडं बघत होती. मग तिनं 'प्रतीक' हा शब्द खोडला नाही, त्याच्यापुढं एक स्वल्पविराम दिला आणि 'धोतर' असं पुन्हा लिहिलं. पाच मिनिटांनी हळूच मला विचारलं, "मग ही स्वभावोक्ती का?" मी डोळे वटारले. सासूबाई हसल्या. म्हणाल्या, "तिला काय लिवायचं ते लिवू दे, मार्क मिळू देत. उद्या काय वाचणार हाय?"

म्हणजे बघा! ज्या बाईनं साथीवर औषध द्यायचं तीच दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी गच्चीवर. आता जिन्याला कठडा बसवून घ्यायचा म्हणतायत.

मराठीचा पेपर झाला तो दिवस सांगते आणि संपवते, तुमचाही स्वयंपाक पडला असेल. आम्ही सगळे ओट्यावर. शेजारचे काका-काकू, भाऊजी, भिशीतल्या चौघी. भाऊजींच्या उसाला शेवटी कोयता लागला होता, तरी ते घरी थांबले. पोरगी स्कूटीवरून उतरली, चपला काढल्या, पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. "कसा गेला?" तिनं तांब्या खाली ठेवला आणि म्हणाली, "बरा."

झालं. भाऊजी म्हणाले, ही व्यंजना आहे, घसरली बघा. काकू म्हणाल्या, चपला सरळ काढल्यात, ते लक्षात घ्या, पात्राचं मन कृतीतून दिसतं. भिशीतली एक म्हणाली, 'बरा'च्या आधी विराम किती मोठा होता? दुसरी म्हणाली, विराम कसला, पाणी पीत होती ती. काका म्हणाले, पाणी कशाचं प्रतीक? मीसुद्धा, खरं सांगते, तोंड उघडणार होते. मुक्त शेवट, असं काहीतरी म्हणणार होते.

आतून सासूबाईंचा आवाज आला, "बरा म्हंजी बरा. ताटं घ्या. आमटी गार हुतीय."